लोर्नाबाईंचा तिसरा खर्डा

शनिवार, १४ जून. शेजारचा फ्लॅट रिकामा करून सोमवारी दुपारी किल्ली मालकाला परत द्यायची होती, म्हणून सकाळी साडेसातला झाडू, काळ्या पिशव्या आणि जुने टॉवेल घेऊन मी लोर्नाबाईंच्या घरात शिरले. त्यांना जाऊन बारा दिवस झाले होते. अमेरिकेहून त्यांचा भाचा ग्लेन आला होता. पन्नाशीचा, उंच, शेतीची यंत्रं विकणारा साधा माणूस. तो हॉलमध्ये मावशीच्या खुर्चीशेजारी उभा होता, खुर्चीवर बसत नव्हता.

"अनघा, कुठून सुरुवात करू?" त्याने विचारलं.

"पंख्यांपासून. पंखे काढ, पुसून खोक्यात भर."

शर्ट, भांडी, टाइपरायटर, एक कपाट, दोन खुर्च्या. चाळीस वर्षं लिहिणाऱ्या बाईच्या घरात कागद मात्र एक नव्हता. ग्लेनने सगळे खण उघडून पाहिले. त्याला तिकडच्या प्रकाशनसंस्थेने आणि त्यांच्या राज्यातल्या एका विद्यापीठाने सांगून पाठवलं होतं की मावशीचे सगळे कागद गोळा करून आण.

"कागद कुठे असतील?" तो म्हणाला.

"खाली," मी म्हटलं. "म्हणजे वेळोवेळी खाली गेले."

हे त्याला समजवायला मला बराच वेळ लागला. तुम्हालाही नीट सांगते.

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीत एक लोखंडी झडप आहे. ती उघडून कचरा आत टाकला की तो थेट तळमजल्यावरच्या पेटीत पडतो. त्याला आम्ही च्यूट म्हणतो. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पिशवी पडल्याचा आवाज थोडा उशिरा येतो. आम्ही त्यात भाज्यांची देठं आणि माशांचे काटे टाकतो. लोर्ना टिडवेल त्यात कादंबऱ्या टाकायच्या.

त्यांची कामाची पद्धत अशी होती. गोष्ट असो वा कादंबरी, पहिला खर्डा शेवटपर्यंत टाइप करायचा. पूर्ण झाला की च्यूटमध्ये. मग एक आठवडा काही नाही, नुसतं चालायचं आणि रांगेत उभं राहायचं. मग दुसरा खर्डा, सगळा आठवणीतून. तो झाला की तोही च्यूटमध्ये. मग तिसरा, पुन्हा आठवणीतून, आणि तो प्रकाशकाकडे. "जे मला आठवत नाही ते वाचणाऱ्याला काय आठवणार?" असं त्या म्हणायच्या. मी एकदा विचारलं, आणि चांगलं काहीतरी विसरलं तर? त्या म्हणाल्या, "तर ते चांगलं नव्हतं. चांगलं असतं तर चिकटलं असतं."

ही पद्धत पटण्यासारखी आहे असं माझं म्हणणं नाही. मी एका जहाज कंपनीच्या, पाया लेबार भागातल्या ऑफिसात खलाशांची कागदपत्रं सांभाळते. माझ्या कामात एक कागद हरवला तर माणूस बोटीवर चढू शकत नाही. कागद फेकणारी बाई माझ्या शेजारी राहायला यावी हा योगायोगच.

त्या आल्या तेव्हा आम्ही इथे येऊन चारेक वर्षं झाली होती. माझा नवरा शेखर मरीन इंजिनियर, वर्षातले सात महिने समुद्रावर. लोर्नाबाईंचे यजमान वॉल्ट बोटींची तपासणी करायचे. ते इथेच वारले, तेव्हा मोठं घर सोडून बाई या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आल्या. त्यांच्या बहिणीने फोन केला, आता परत ये. त्या गेल्या नाहीत. पहिल्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर अंगात वॉल्टचा चौकड्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि त्या एकट्या कपाट ढकलत होत्या.

"तुझं नाव काय?"

"अनघा."

"अनागा?"

"अनघा."

त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं आणि चौथ्यांदा बरोबर म्हटलं. "माणसाचं नाव चुकवणाऱ्याने गोष्टी लिहू नयेत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या ऑफिसातही नाव चुकवून चालत नाही. "मग आपलं जमेल," म्हणून त्यांनी कपाटाचं दुसरं टोक मला धरायला लावलं.

त्यांची पहिली कादंबरी त्या तिशीच्या आत असताना आली होती. त्यांच्या गावावर, तिथल्या मांस डबाबंद करण्याच्या कारखान्यावर, तिथे काम करणाऱ्या बायकांवर. ती अमेरिकेत खूप वाचली गेली. त्यांच्या गावच्या वाचनालयाने ती ठेवायला नकार दिला आणि सख्खी बहीण कित्येक वर्षं बोलली नाही. पुढे प्रकाशकांना तशीच दुसरी हवी होती. त्यांनी तशी दिली नाही. आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या, दोन कथासंग्रह, प्रत्येक वेगळं आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा कमी विकलं गेलेलं. मी त्यांना ओळखायला लागले तोवर एकही पुस्तक दुकानात मिळत नव्हतं. पहिल्या कादंबरीची एकच प्रत त्यांच्याकडे उरली होती.

त्या प्रतीचा त्यांनी एक उपयोग शोधला होता. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडपात, जेवणाच्या वेळी टेबल अडवायचं तर लोक त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवतात आणि रांगेत जातात. पाकीट दिसलं की त्या जागेवर कोणी बसत नाही. लोर्नाबाई पाकिटाच्या जागी आपली कादंबरी ठेवायच्या. परत येईपर्यंत ती तिथेच. "इतक्या वर्षांत एकदाही कोणी चोरली नाही," त्या सांगायच्या. "टिश्यूचं पाकीट दोनदा गेलं."

पण ती कादंबरी पुन्हा छापली जावी हे त्यांना हवं होतं. त्या कधी बोलल्या नाहीत. मला कळलं ते त्यांनी तिला घातलेल्या कव्हरवरून. दर वर्षी नवं, तपकिरी कागदाचं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं.

आमच्या मराठी मंडळींचा एक छोटा पुस्तकगट आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं. खरी अमेरिकन लेखिका माझ्या शेजारी राहते म्हटल्यावर सगळे मागे लागले. त्या आल्या. बटाटेवडे तीन खाल्ले, चटणी परत मागून घेतली. मग प्रश्न सुरू झाले.

"स्फूर्ती कुठून येते?" कोणीतरी विचारलं.

"रांगेतून."

"म्हणजे?"

"रांगेत उभं राहा. पुढची बाई फोनवर काय बोलते ते ऐका. घरी येऊन लिहा. मग फेका."

सबनीस काका म्हणजे निवृत्त चीफ इंजिनियर. आपलं आयुष्य म्हणजेच कादंबरी आहे असं ते वीस वर्षं सांगत आलेत. ते पुढे सरकले. "मॅडम, मी तुम्हाला सगळं सांगतो, तुम्ही लिहा. तीन वेळा बोटीला आग लागलेली मी पाहिली आहे."

"तुम्ही लिहा," लोर्नाबाई म्हणाल्या. "लिहून झालं की मला द्या. मी ते तुमच्या देखत च्यूटमध्ये टाकेन. मग पुन्हा लिहा."

"आणि मग तुम्ही वाचाल?"

"मग पुन्हा टाकेन."

काका दुखावले. पण त्यांनी खरंच लिहायला घेतलं, हे मी काकूंकडून ऐकलं. आजही लिहितात. फेकत नाहीत, त्यामुळे काकूंना कपाट पुरत नाही.

माझ्या मुलीचं, इराचं, प्रकरण एवढं हसण्यासारखं नव्हतं. ती तेव्हा चौदा वर्षांची. शाळेसाठी तिने एक निबंध लिहिला आणि मोठ्या हौसेने लोर्नाबाईंना दाखवायला गेली. दहा मिनिटांत रडत परत.

"आई, शी थ्रू इट लाह. डाउन द च्यूट. होल थिंग."

मी तशीच पिठाच्या हातांनी शेजारची बेल वाजवली. "तो उद्या द्यायचा होता."

"मग वेळ आहे की."

"तुम्ही मुलीला विचारलंत तरी का?"

"नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. सात विशेषणं होती एका पानात. तिचं एकही नव्हतं, सगळी शाळेने दिलेली." मग माझ्या मागे उभ्या असलेल्या इराकडे बघून, "तुला काय आठवतंय त्यातलं?"

इरा मुसमुसत म्हणाली, "बाबांची बॅग. ते येतात तेव्हा बॅगला डिझेलचा वास येतो."

"तेवढं लिही."

तिने तेवढंच लिहिलं. एक पान. शिक्षकांनी शेरा मारला की फार त्रोटक आहे, गुण कमी. मी तो शेरा लोर्नाबाईंच्या नाकासमोर धरला. त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. "शब्द मोजणारे मला पण खूप भेटले," त्या म्हणाल्या, "आता तीही आमच्यातली." मी त्यांच्याशी तीन आठवडे बोलले नाही. इरा बोलत होती. तो निबंध तिने अजून जपून ठेवला आहे.

आणि रफिकभाईंचा किस्सा. रफिकभाई आमच्या ब्लॉकचे सफाई कामगार, बांगलादेशचे. एकदा लोर्नाबाईंनी चारशे पानांचा खर्डा सुतळीने बांधून एकदम च्यूटमध्ये ढकलला. तो चौथ्या मजल्यावर अडकला. वरचा सगळ्यांचा कचरा त्यावर साचला. रफिकभाईंनी अर्धा दिवस घालून तो गठ्ठा काढला, पाहिलं तर सगळा टाइप केलेला मजकूर. एवढं टाइप करून कोणी मुद्दाम टाकेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. विचारत विचारत ते अकराव्या मजल्यावर आले. पानं पुसून, उन्हात वाळवून, क्रमाने लावून आणली होती.

"आन्टी, युअर स्टडी पेपर. फॉल डाउन बाय मिस्टेक."

लोर्नाबाईंनी त्यांना आत बसवलं, दोन अंड्यांचं सँडविच करून दिलं, चहा दिला, त्यांच्या मुलांची नावं विचारली. त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आल्या. लिफ्टचं दार बंद झालं तशी झडप उघडली आणि तो खर्डा पुन्हा टाकला. या वेळी तीस-तीस पानं करून. तेव्हापासून तीसचा नियम झाला. मी म्हटलं, निदान त्या माणसाच्या कष्टांसाठी तरी आठवडाभर ठेवायचा होता. "त्याच्या कष्टांचे मी आभार मानले," त्या म्हणाल्या. "कागदांचे आभार मानायचं कारण नव्हतं."

तीन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही. मध्यभागी काळा डाग, कडेकडेचं दिसायचं. त्यामुळे त्या माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघायच्या. ग्लेनने फोनवर सांगितलं की तिकडे वृद्धांसाठी चांगली जागा आहे, इथे एकटी राहू नकोस. "तिथे सगळे माझ्याशी ओरडून बोलतील," त्या म्हणाल्या. "मी आंधळी होतेय, बहिरी नाही." आणि फोन ठेवून एकट्या खाली कॉफी प्यायला गेल्या, काळी, बिनसाखरेची, कादंबरी बगलेत मारून.

शेवटच्या कादंबरीचा दुसरा खर्डा त्यांनी अक्षरं चाचपडत टाइप करून पूर्ण केला. आणि नेमका तो टाकला नाही. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवला. मी झाकण उघडं पाहिलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यासमोर ओशाळल्या.

"आता वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "आठवलं नाही तर काय, असं वाटलं. हे पुस्तक नाहीये, अनघा. ही माझी भीती आहे. मी तिसरा खर्डा पुरा करण्याआधी गेले तर हे तू टाकायचंस. वाचायचं नाहीस."

"का वाचायचं नाही?"

"कारण यातला शेवट चुकलाय. चुकलाय एवढं मला कळलंय, बरोबर काय ते अजून कळायचंय. तू वाचलास तर तुला तोच खरा वाटेल. छापलेलं आणि वाचलेलं माणसाला खरं वाटतं."

मी शब्द दिला. त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. टाइपरायटरवर चिठ्ठी केली, 'पत्र्याच्या डब्यातला कचरा अनघा साठे यांच्या मालकीचा आहे,' खाली सही केली आणि डबा माझ्या घरी, तांदळाच्या पिंपाशेजारी आणून ठेवला.

मग दर शनिवारी आणि रविवारी, साडेसात ते साडेनऊ, त्या सांगायच्या आणि मी लॅपटॉपवर उतरवायची. शब्दांबरोबर कॉमा, फुलस्टॉप सगळं सांगायच्या. गोष्ट हेझल नावाच्या विधवेची. गावातला कारखाना बंद व्हायचा दिवस, आणि ही शाळेची बस चालवणारी बाई मुलं आत असताना बस कारखान्याच्या फाटकासमोर आडवी लावते. मला कादंबऱ्यांचं वेड नाही. पण सोमवार ते शुक्रवार ऑफिसात खलाशांचे अर्ज भरताना मी हेझलचा विचार करायला लागले.

"पुढे काय करते ती?" मी विचारायची.

"रविवारी कळेल."

मध्ये न्यूयॉर्कहून संपादकाचा व्हिडिओ कॉल झाला. तरुण, हुशार, मनापासून बोलणारा मुलगा. लॅपटॉप मी धरला होता. तोवर उतरवलेली नऊ प्रकरणं त्याने वाचली नव्हती, त्यांच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं.

"तुम्ही इतकी वर्षं सिंगापूरमध्ये आहात," तो म्हणाला. "पुस्तकात थोडं सिंगापूर येऊ दे ना. उकाडा, बाजार, वास. वाचकांना आवडेल."

"मी इथे राहते," लोर्नाबाई त्याच्या कानाकडे बघत म्हणाल्या. "मला वास येत नाही. पाहुण्यांना येतो."

तो हसला. मग खरं ते बोलला. दुसरा खर्डा पूर्ण आहे असं कळलंय. तो कच्चा असला तरी द्या, आम्ही नीट करून घेऊ, आणि त्याच्याबरोबर तुमची पहिली कादंबरी पुन्हा छापू. दोन्ही एकाच वेळी.

मी लोर्नाबाईंकडे बघितलं. ती तपकिरी कव्हरची प्रत टेबलावरच होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"विचार करा."

"केला. तुला उत्तर ऐकून वाईट वाटू नये म्हणून आणखी थोडा वेळ घेतल्यासारखं करू का?"

पुढे त्यांनी तळाशी कच्च्या राहिलेल्या ॲपल पायचं काहीतरी सांगितलं. आपल्याकडे सांगायचं तर, अर्धी भाजलेली पोळी ताटात वाढायची नाही, पाहुणा कितीही भुकेला असो. कॉल संपल्यावर मी म्हटलं, "पहिलं पुस्तक परत आलं असतं."

"हो," त्या म्हणाल्या. "चल, कुठे होतो आपण? नवं वाक्य."

मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहाव्या प्रकरणात होतो. "हेझलने बसचं दार उघडलं, कॉमा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मी बोटं तयार ठेवून बसले. पाच मिनिटं गेली. "आज नाही," त्या म्हणाल्या. "आहे ते, पण अजून तोंड इकडे वळवत नाहीये. जा, तुझ्या पोळ्या राहिल्यात."

गुरुवारी त्या न्हाणीघरात पडल्या. रविवारी सकाळी मी इस्पितळात गेले तर नळ्या लावलेल्या, आवाज बारीक.

"कुठे थांबलो?"

"हेझलने बसचं दार उघडलं, कॉमा."

"हं."

मला राहवलं नाही. "डबा आणू का? पुढचं मी वाचून दाखवते, तुम्ही नुसतं हो-नाही करा. लवकर होईल."

त्यांनी डोळे उघडून माझ्या कानाकडे बघितलं. "अनघा, तू तुझ्या खलाशांना चुकीच्या बोटीवर पाठवतेस का? लवकर होतं म्हणून?"

"नाही."

"मग."

नर्स येऊन मोठ्याने म्हणाली, "आन्टी, ओके आ?" लोर्नाबाईंनी हाताने तिला गप्प बसायची खूण केली. काम चाललं होतं. मी दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, आणि मधूनमधून त्या बोटाने चादरीवर टिचकी मारत होत्या. फुलस्टॉप. एक, मग जरा वेळाने दुसरा. म्हणजे त्या कॉमाच्या पुढे गेल्या होत्या. कुठे गेल्या ते मला माहीत नाही. सोमवारी पहाटे गेल्या.

तर १४ जूनला मी हे सगळं ग्लेनला सांगितलं आणि चिठ्ठी दाखवली. त्याने ती दोनदा वाचली.

"तुला स्वतःला शेवट जाणून घ्यायचा नाही?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग?"

"मला जाणून घ्यायचंय ते त्या डब्यात नाहीये."

त्याने चिठ्ठी घडी करून मला परत दिली. मग म्हणाला, "मी वारस आहे. मी तुला अडवू शकतो बहुतेक."

"बहुतेक. डबा माझ्या घरात आहे आणि चिठ्ठीवर सही आहे. वकिलांची ऑफिसं सोमवारी उघडतात."

"तू नेहमी अशीच बोलतेस का?"

"ऑफिसात याहून वाईट. तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. खाली जाऊन ये." मी कव्हर घातलेली कादंबरी त्याच्या हातात दिली. "आधी ही टेबलावर ठेव, मग रांगेत जा. कोणी बसणार नाही."

त्याने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. त्याच्या आईने ते घरात येऊ दिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तो गेला.

मी डबा लोर्नाबाईंच्याच स्वयंपाकघरात आणला. झडप उघडली. तीस पानं, एक पिशवी, गाठ, आत. खाली आवाज झाला की पुढची. दहा पिशव्या गेल्या. मग पानं वेगळी करताना नजर पडायला लागली. शेवटाकडे 'हेझल' दर ओळीत होतं. एके ठिकाणी 'पायरी' दिसलं, एके ठिकाणी 'मुलांनी'. मी हात थांबवला आणि लक्षात आलं की आपण वाचतोय. तेव्हा उरलेली शंभरेक पानं मी तशीच, न मोजता, एका पिशवीत कोंबली आणि ढकलून दिली. झडप लावली, हात धुतले, गॅसची शेगडी घासायला घेतली. ती घासून स्वच्छ होईपर्यंत दुसरं काही केलं नाही.

ग्लेन दोन तासांनी आला. पुस्तकात बोट घातलेलं होतं.

"झालं?"

"झालं."

"आई म्हणायची हे घाणेरडं पुस्तक आहे," तो म्हणाला. "यात तर सगळं मांसच आहे. आणि आजीचं स्वयंपाकघर." मग तो मावशीच्या खुर्चीवर बसला आणि वाचत राहिला. पंखे मी भरले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साडेसातला मी सवयीने लॅपटॉप उघडला. नऊ प्रकरणं आणि दहाव्याची चार पानं संपादकाला जोडून पाठवली. लिहिलं, हेच पुस्तक आहे. ते कॉमावर संपतं. ती चूक नाही, बाईंना विरामचिन्हं येत होती. यापुढे एक शब्दही कोणी जोडायचा नाही. छापायचं तर असं छापा, नाहीतर राहू दे. ग्लेनला प्रत पाठवली. शेजारच्या घरातून त्याने लगेच उत्तर दिलं, माझी हरकत नाही.

आठला बेल वाजली. दारात रफिकभाई. हातात कागदांचा गठ्ठा, पुसलेला, कोपरे सरळ केलेले.

"दीदी, ये आन्टी का है ना? चौथे माले पे अटक गया था. पिछली बार भी गलती से गिर गया था."

मी गठ्ठा घेतला. शंभरेक पानं. शेवट. रफिकभाई म्हणाले, आन्टी गेल्याचं कळलं, म्हटलं आठवण म्हणून तुमच्याकडे राहील. मी त्यांना आत बसवलं. अंडी होती. सँडविच केलं, चहा दिला, मुलं कशी आहेत ते विचारलं. थोरला आता कॉलेजात आहे. त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं आणि दार बंद होईपर्यंत उभी राहिले.

स्वयंपाकघरात येऊन मी चष्मा काढला आणि फ्रिजवर ठेवला. चष्म्याशिवाय मला कागदावर नुसता धूसर राखाडी पट्टा दिसतो. मग झडप उघडली. तीस पानं. कान देऊन ऐकलं, अकरा मजले, आवाज आला. मग पुढची तीस.